पंचवीस डोकी

आमच्या बाबांबरोबर शनिवारी कुठे जायचं असेल तर तयारी शुक्रवारी दुपारीच उरकावी लागायची. शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ. त्या दिवशी बाबा पैशाला हात लावत नसत, वाहनात बसत नसत, दिव्याचं बटणसुद्धा दाबत नसत. आणि ते बरोबर असले की आम्हीही तसंच वागायचं, हे न सांगता ठरलेलं. मी पस्तिशीची, सरकारी नोकरीत, एका मुलाची आई. पण शनिवारी बाबांबरोबर बाहेर पडताना माझी पर्स घरी कपाटात आणि मी मोकळ्या हाताने, एखाद्या लहान मुलीसारखी.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातल्या एका मे महिन्यातली आहे. माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि आठ वर्षांची मुलगी कायमची इस्रायलला निघाली होती. रविवारी रात्रीचं विमान होतं. पनवेलमधली आमची ज्यू घरं तोवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि दर वर्षी एखादं बोट कमी व्हायचं. बहिणीचं आणि आमचं घर एकाच गॅलरीत. तिची मुलगी आणि माझा सात वर्षांचा मुलगा एकाच ताटात जेवत वाढलेले. माझी भाची तर माझ्या बाबांच्या धोतराचं टोक धरूनच चालायला शिकली होती.

तर या भाचीने जायच्या आधी एकच गोष्ट मागितली. गावातल्या थिएटरला हिंदीत डब केलेलं एक परदेशी कार्टून लागलं होतं. पोहायला शिकू पाहणाऱ्या उंटाचं. ते तिला बघायचं होतं, माझ्या मुलाबरोबर आणि आजोबांबरोबर. "आजोबा माझ्या बाजूला बसणार असतील तरच," ही अट.

एवढीशी गोष्ट, पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आधीच्या रविवारी गेलो तर थिएटरची वीज गेलेली. बुधवारी बाबा तयार होऊन बसले तर बहिणीने पोरीला पासपोर्टच्या कुठल्याशा फोटोसाठी मुंबईला नेलं. गुरुवारी माझ्या ऑफिसात तपासणी. नवऱ्याला सांगावं तर तो न्हावा शेव्याला कंटेनरच्या ड्युटीवर, त्याचा पत्ता कधीच नाही. उरला फक्त शनिवार, बाराचा खेळ. रविवारी घरात पाहुण्यांची रीघ लागणार होती.

"शब्बाथला सिनेमा?" बाबा म्हणाले.

मी वादाला तयारच होते. पण बाबांनी स्वतःच विचार केला आणि निकाल दिला. तिकिटं शुक्रवारी काढायची. चालत जायचं. "सिनेमा मी लावत नाही. तो तिथे चालूच असतो. मी फक्त जाऊन बसणार." मी मुकाट्याने शुक्रवारी भर उन्हात रांगेत उभी राहिले. रांग म्हणजे मी एकटीच होते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

इथे मला बाबांच्या आणखी एका गोष्टीबद्दल सांगायला हवं, कारण त्याआधीच्या सहा महिन्यांत तिने माझा जीव नकोसा केला होता. आमच्या सिनेगॉगमध्ये दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना होत नाही. बायका धरत नाहीत, मुलं धरत नाहीत. पूर्वी ही अडचण नव्हती. आता दर शनिवारी सकाळी बाबा दरवाजात उभे राहून माणसं गोळा करायचे. त्यांची एक पद्धत होती. ज्याला बोलवायचं त्याला ते सांगायचे, "तू दहावा आहेस. फक्त तुझ्यावाचून अडलंय." सहावा असला तरी तो दहावाच. येणारा मग पायात चप्पल सरकवून, तोंडातला घास गिळत, स्वतःला फार महत्त्वाचा समजत धावत यायचा, आणि आत आल्यावर अजून चार जणांची वाट बघत बसायचा. माणसं बोट दाखवून मोजायची नाहीत असा आमच्यात रिवाज आहे, म्हणून बाबा दहा शब्दांचं एक हिब्रू वचन पुटपुटत, एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत. वचन पुरं झालं की प्रार्थना सुरू.

बहिणीने जायचं ठरवलं त्या दिवशी बाबा म्हणाले, "म्हणजे एक माणूस कमी होणार." माझा मेहुणा दहांपैकी एक होता ना. मग सहा महिने हेच. कोणी भेटलं की, "आमचा एक माणूस चाललाय." जेवताना, "एक कमी पडणार." एक! तीन माणसं जात होती. यांची स्वतःची मुलगी जात होती, नात जात होती, आणि या गृहस्थाला दिसत होता तो फक्त जावई. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. बहीण मात्र हसून सोडून द्यायची. तिला सवय होती, आणि तिच्या बॅगा भरायच्या होत्या.

शनिवारी सकाळीही तेच. दहावा माणूस सव्वादहाला उगवला. प्रार्थना लांबली. मी दोन्ही पोरांना घेऊन बाहेरच्या आवारात घड्याळाकडे बघत उभी. अकरा पस्तीसला बाबा बाहेर आले, टोपी नीट केली, आणि रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करत सावकाश चालू लागले. रिक्षा शेजारून जात होत्या, रिकाम्या. मी त्यांच्याकडे बघायचंसुद्धा टाळलं.

थिएटरशी पोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते, आणि दार बंद होतं.

मॅनेजर बाहेर खुर्ची टाकून वारा घेत बसला होता. आमची तिकिटं बघून त्याने मान हलवली. "ताई, अकराच तिकिटं गेलीत. पंचवीस डोकी झाल्याशिवाय मशीन लावायचं नाही, मालकांनी सांगून ठेवलंय. मशीनच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या जळतात, परवडत नाही. सुट्टीत सगळी गावाला गेलीत, कोण येणार कार्टून बघायला? पैसे परत घ्या."

त्याने नोटा पुढे केल्या आणि बाबा दोन पावलं मागे सरकले. "आज नको," ते घाईघाईने म्हणाले, "सोमवारी देवाणघेवाण करू." मॅनेजरने माझ्याकडे बघितलं.

पर्स बरोबर असती तर मी उरलेली चौदा तिकिटं तिथल्या तिथे काढली असती आणि महिनाभर भाजी कमी केली असती. पण पर्स घरी, कपाटात. व्हरांड्यात आमच्यासारखीच ताटकळलेली आणखी सात माणसं होती: तीन कॉलेजातले मुलगे आणि तीन पोरांना घेऊन आलेली एक बाई. तिचं मधलं पोर भोकाड पसरून रडत होतं. त्याचं बघून माझ्या मुलाने ओठ काढायला सुरुवात केली. भाची मात्र रडली नाही. ती पोस्टरवरच्या उंटाकडे बघत गप्प उभी राहिली, आणि ते मला जास्त लागलं.

"बाबा, माणसं बोलवा," मी म्हटलं. "तुम्हाला येतं ते."

"आज? लोकांना तिकीट विकत घ्या सांगू? शब्बाथला?" बाबा म्हणाले. "आणि ते मशीन मग माझ्या सांगण्यावरून चालू होणार. तसं चालत नाही."

मग मात्र माझा बांध फुटला. भर रस्त्यात, मॅनेजरसमोर, त्या तीन मुलग्यांसमोर मी ओरडले, "मग काय चालतं तुम्हाला? दर शनिवारी लोकांना ताटावरून उठवून आणता ते चालतं! पोर उद्या चाललीय, बाबा. उद्या! परत कधी तुमच्या बाजूला बसणार आहे ती?"

मी त्यांच्याशी जन्मात असं बोलले नव्हते. भाचीने बाबांचा हात धरला होता. त्यांनी तिचा हात सोडवून माझ्या हातात दिला आणि पायऱ्या उतरून ते रस्त्यावर गेले.

समोर त्यांच्या ओळखीच्या शिंप्याचं दुकान होतं. बाबा दारात उभे राहिले. "तू पंचविसावा आहेस," ते म्हणाले. "फक्त तुझ्यावाचून अडलंय."

शिंप्याने चष्म्यावरून बघितलं. "कशाला? नमाजला तुमच्या?"

"सिनेमाला. उंटाच्या."

"या अल्ला," शिंपी म्हणाला. मग त्याने मशीनवरचा कपडा बाजूला केला. "तुम्ही आणि सिनेमा! चला चाचा, हे बघायलाच यायला पाहिजे." आणि मागच्या दाराने हाक मारून त्याने आपली चार पोरं गोळा केली.

पुढे रस्त्याच्या कडेला बंदराकडे निघालेला एक ट्रक पंक्चर होऊन उभा होता. चाक दुरुस्तीला गेलेलं, ड्रायव्हर आणि क्लीनर सावलीत पत्ते खेळत होते. बाबांची हिंदी जेमतेम. "आप पच्चीसवाँ है," त्यांनी दोघांनाही सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि कोण जाणे काय वाटलं त्यांना, पत्ते खिशात टाकून ते उठले.

मी पायरीवरून हे बघत होते. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, की शेजारून बायका जात होत्या, त्यांना बाबा विचारतसुद्धा नव्हते. मला वाटलं, परक्या बायकांशी बोलायला संकोचत असतील. तेवढ्यात भाची माझा हात सोडून व्हरांड्याच्या टोकाला गेली. तिथे मासळी विकून आलेल्या चार बायका रिकाम्या पाट्या शेजारी ठेवून सावलीला टेकल्या होत्या.

"मावशी, तुम्ही सिनेमाला येता का?" तिने विचारलं.

"आमी नाय बगत कारटून," त्यांतली थोरली म्हणाली. मग तिने पदराने मान पुसली. "आत पंखा हाय का?"

"हाय!" भाची म्हणाली. ही पोर घरी अगदी शुद्ध बोलायची.

"मंग चला गो. एसटी दोन वाजता हाय. हितं तरी काय करताव?"

पाट्या थिएटरच्या पहारेकऱ्याकडे ठेवून चौघी तिकिटाच्या खिडकीशी गेल्या. बाबांनी पाठवलेले एक निवृत्त मास्तर बायको आणि नातवाला घेऊन पायऱ्या चढले. मॅनेजरने डोकी मोजली, बोट दाखवून, मोठ्याने. पंचवीस. त्याने हाताने वरती खूण केली आणि आत घंटा वाजली.

"चला लवकर," मी पोरांना आत ढकललं. बाबा येतीलच मागून, असं मला वाटलं. मधली एक खुर्ची रिकामी ठेवून आम्ही बसलो. दिवे गेले. पडद्यावर वाळवंट आलं, मग उंट आला, आणि आल्या आल्या धडपडून डबक्यात पडला. शिंप्याची पोरं खिदळली. ट्रकचा क्लीनर त्यांच्याहून मोठ्याने हसला. मासळीवाल्या बायका पंख्याखाली पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "आगो, याला कोन सांगल का, भरती बगून उतरावा!"

माझा मुलगा डोळे विस्फारून बघत होता. भाची मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. मान वळवून ती दाराच्या पडद्याकडे बघत होती.

"मावशी, आजोबा?"

पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी दातओठ खात मी उठले. बाहेर आले तर डोळ्यांवर ऊन आदळलं, आणि समोर रस्त्याच्या मधोमध आमचे बाबा. एका सायकलवाल्याचं हँडल धरून उभे.

"तू पंचविसावा," ते त्याला सांगत होते. घाम कपाळावरून ओघळत होता. "थांब, ऐक. माझी नात उद्या जाणार आहे. कायमची. तिला बघायचाय तो सिनेमा. तिला कसं सांगू मी की माणसं कमी पडली?"

मी तिथेच थबकले. सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून नातीच्या जाण्याचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तोही परक्या सायकलवाल्याजवळ. सायकलवाला हात सोडवून निघून गेला. त्याचं काय चुकलं म्हणा.

"बाबा, चला आत. सिनेमा सुरू झाला."

"कसा झाला?" बाबा गोंधळले. "आठच झालेत."

"पंचवीस झाले."

"आठ," ते ठामपणे म्हणाले, आणि ते वचन पुटपुटू लागले. एक शब्द स्वतःवर. तीन कॉलेजच्या मुलग्यांवर. एक शिंप्यावर, दोन ट्रकवाल्यांवर, एक मास्तरांवर. आठव्या शब्दावर ते थांबले आणि माझ्याकडे बघू लागले, जणू मीच दोन शब्द कुठेतरी लपवून ठेवलेत.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ते सिनेगॉग नाही, थिएटर आहे! इथे बायकांनाही धरतात. पोरांनाही धरतात. मासळीवाल्या धरल्या, शिंप्याची पोरं धरली, मला धरलं, तिला धरलं. तुम्ही इथे उन्हात पुरुष जमवत बसलात, आणि ती तिथे रिकाम्या खुर्चीशेजारी दाराकडे बघत बसलीय!"

"तिला धरलं?" बाबांनी विचारलं.

"धरलं. आणि त्या मासळीवाल्या चौघींना तिनेच आणलं. तुमच्याइतकीच माणसं जमवली तिने."

बाबा क्षणभर रस्त्यातच उभे राहिले. मागून टेम्पोवाला हॉर्न मारत होता. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना अक्षरशः ओढत आत नेलं. अंधारात ते दोन जणांच्या पायांवर पडले, मासळीवालीने त्यांना "इकरं नाय, तिकरं" म्हणून वाट दाखवली, आणि ते एकदाचे त्या खुर्चीत बसले. भाचीने त्यांच्याकडे बघितलं नाही. फक्त त्यांच्या दंडाला गाल टेकवला आणि पहिल्यांदा पडद्याकडे तोंड केलं.

त्यानंतर सिनेमा छान झाला, असं मी म्हणेन, पण बाबांनी तो धड बघू दिला असता तर. "उंटाला पोहायची गरजच काय?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "आजोबा, शूऽऽ!" "पण वाळवंटात—" "आजोबा!" मागून ट्रक ड्रायव्हरही म्हणाला, "बाबूजी, देखने दो." मध्यंतरात सगळी पोरं समोशाच्या टोपलीवर तुटून पडली आणि आमची दोघं कोरड्या तोंडाने बघत राहिली, कारण पर्स घरी. शिंप्याच्या थोरल्या मुलीने आपल्या समोशाचे दोन तुकडे करून या दोघांना दिले. बाबांनी त्या समोशात काय आहे याची चौकशी सुरू केली. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प बसले. बटाटाच होता त्यात.

उत्तरार्धात मात्र ते हसले. उंट शेवटी पोहतो, पण उलटा, पाय वर करून. तेव्हा बाबा इतके हसले की त्यांची टोपी पडली, आणि भाची ती शोधायला खुर्च्यांखाली शिरली. माझा मुलगाही शिरला. शेवट काय झाला ते आमच्यातल्या कोणीच पाहिलं नाही. मासळीवाल्या बायकांची एसटी चुकली होती. तरी जाता जाता त्यांतल्या थोरलीने भाचीच्या गालावरून हात फिरवला. "बरा व्हता तुजा उंट," ती म्हणाली.

आम्ही चालत परत निघालो. मी थकले होते, भुकेली होते. घरी बहिणीच्या बॅगांचं वजन करायचं होतं, आणि ती बाई लोणच्याच्या बरण्या काही केल्या बाहेर काढणार नव्हती. बाबा आणि भाची माझ्यापुढे. माझा मुलगा उंटासारखं पोहत रस्त्याच्या कडेने.

वळणावर आमच्या सिनेगॉगमधले एक म्हातारे गृहस्थ भेटले. तेही त्या दहांतले. बाबांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "झालं मग. पुढच्या शनिवारपासून आपला एक कमी."

"एक नाही," बाबा म्हणाले. "तीन."

"तीन?" गृहस्थ घाबरेच झाले. "आणखी कोण चाललेत? मला कोणी सांगितलं नाही!"

बाबांनी भाचीच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांची हनुवटी थरथरायला लागली. म्हाताऱ्या गृहस्थांनी आधी पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग ते उगाचच आपल्या चपलेकडे बघत राहिले.

सहा महिने मी बाबांना सुनावायचं म्हणून कितीतरी साठवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर मला आठवेना. माझे डोळे भरून आले. भर रस्त्यात रडायचं नाही म्हणून मी वळले आणि रस्त्याच्या कडेने नीट चालत का नाहीस म्हणून माझ्या बिचाऱ्या मुलावर जोरात खेकसले.